दोन पट्ट्या खाली

"वाच," तात्या म्हणाले. "मोठ्याने वाच. सगळ्यांना ऐकू दे."

कुमुदने पेपर उलगडला. गुरुवारची पहिली एसटी येऊन अर्धा तास झाला होता. तात्या मुणगेकरांच्या भातगिरणीत आमचं अख्खं भैरीदेव संगीत नाट्य मंडळ पोत्यांच्या थप्प्यांना टेकून उभं होतं. गिरणी बंद ठेवली होती. तात्या गिरणी बंद ठेवतात म्हणजे प्रकरण साधं नाही, हे सगळ्यांना कळलं होतं.

कुमुद सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि आमच्या नाटकात नायिका. तिचा आवाज स्पष्ट, म्हणून वाचायचं काम नेहमी तिच्याकडे. 'दर्यावाणी' हे आमच्या तालुक्याचं साप्ताहिक. त्यात पावसाळा संपल्यापासून 'तटस्थ' या नावाने कोणीतरी आमच्या प्रयोगांवर लिहायला लागला होता. 'कमलवेध'वर लिहिलं तेव्हा राक्षसाच्या मिशा दुसऱ्या अंकात उलट्या लावल्या होत्या हेसुद्धा त्याने सोडलं नाही. तेव्हा आम्ही हसलो. दुसऱ्या वेळी त्याने लिहिलं की नांदीला अर्धे लोक तोंडं हलवतात, गात नाहीत. तेव्हा हसणं कमी झालं. हा तिसरा लेख 'रत्नसेन'वर होता.

कुमुद वाचू लागली. "'रत्नसेनची भूमिका करणारे ज्येष्ठ गायक-नट पांढरी चार पट्टीतील गायनाबद्दल पंचक्रोशीत ख्यातकीर्त आहेत. मात्र गेली दोन वर्षे ते प्रत्यक्ष प्रयोगात दोन पट्ट्या खाली गातात, ही गोष्ट रसिकांपासून दडवून ठेवण्यात आली आहे...'"

"पुरे," तात्या म्हणाले.

"तात्या, पुढे अजून..."

"पुरे म्हटलं ना!"

त्यांनी पेपर तिच्या हातातून ओढून घेतला आणि कोंड्याच्या ढिगावर फेकला.

तात्यांचं वय तेव्हा अठ्ठावन्न. आमच्या भागात पांढरी चार म्हटलं की लोक तात्यांचं नाव घ्यायचे. त्या उंच सुरात पुरुषाने तीन अंक गायचे म्हणजे छाती लागते. जत्रेच्या बोर्डावर त्यांच्या नावापुढे तसं लिहिलेलं असायचं. पण दोन वर्षांपूर्वी एका प्रयोगाआधी त्यांनी रंगपटात आम्हा दोघांना बाजूला बोलावलं होतं. दोघं म्हणजे ऑर्गनवर बसणारा वासुदेव आठलेकर आणि तबल्यावर मी. म्हणाले होते, "आज काळी दोन धरा. दम पुरत नाही. आणि हे तुम्हा दोघांच्या पलीकडे गेलं तर बघा."

आम्ही ती खालची पट्टी धरली. तालमीत तात्या पांढरी चारच घ्यायचे, पण अर्ध्या आवाजात, गळा राखतोय असं सांगून. प्रयोगात वासू ऑर्गनवरची बोटं सरकवायचा आणि मी मोठ्या तोंडाचा तबला काढायचो. तो खाली लागतो. वरून जुन्याच तबल्याची गवसणी घालून न्यायचो. समोर हजार माणूस बसायचं, कोणाला कळायचं नाही.

"ही गोष्ट दोघांना ठाऊक होती," तात्या म्हणाले. "दोघांनाच. त्यातल्या धाकू गुरवाला अक्षर येत नाही."

सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वासूकडे.

"तात्या, मी लिहिलेलं नाही," वासू म्हणाला.

"मग काय तुझ्या ऑर्गनने लिहिलं?"

"भैरीदेवाची शपथ. मी नाही."

"हात दाखव."

वासू घड्याळं दुरुस्त करायचा. त्याची बोटं बायकांसारखी लांब आणि स्वच्छ असायची. त्या दिवशी उजव्या हाताच्या मधल्या बोटाला निळी शाई होती. त्याने हात मागे नेला. नेला नसता तर बरं झालं असतं.

"कुठे पत्रं पाठवतोस रे दर आठवड्याला? पोस्टमन काय माझ्याशी बोलत नाही असं वाटलं तुला?"

"ते माझं काम आहे. खासगी."

"खासगी!" तात्या माझ्याकडे वळले. "धाकू. तू बावीस वर्षं ह्याच्या शेजारी बसतोस. तू सांग. तू कोणाजवळ बोललास?"

"नाही, तात्या."

"घरी? बायकोजवळ?"

"कोणाजवळच नाही."

"मग राहिलं कोण?"

मी खाली बघितलं. जमिनीवर भाताचे दाणे सांडले होते, एक मुंगी त्यातला एक ओढत होती. मी त्या मुंगीकडे बघत राहिलो.

वासूने चपला घातल्या. दाराशी थांबला, थोडा वेळ. मला वाटतं माझ्यासाठी थांबला. मग गेला. तात्या म्हणाले, "उद्यापासून कणकवलीचा पोरगा येईल पेटीवर. स्पर्धेला तीन आठवडे आहेत. इथलं बाहेर एक अक्षर गेलं तर मंडळ बंद करीन."

जिल्ह्याच्या गावी संगीत नाटकांची स्पर्धा होती. सात वर्षांनी आमचा नंबर लागला होता.

मी कोणाजवळ बोललो नाही असं म्हणालो ते खोटं नव्हतं, असं मला त्या वेळी वाटत होतं. माझी एक गोष्ट मात्र मी लपवली होती, आणि तिचा ह्या प्रकरणाशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि लिहा-वाचायला शिकत होतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या देवळातला चौघडा. हाताने वाजवायचं, कानाने शिकायचं, अक्षराशी गाठ पडली नाही. नाटकातली शंभर पदं मला पाठ होती, पण माझ्या तबल्याच्या पेटीवर घातलेलं माझं नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे मला कळत नव्हतं. गावात प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा लाजेने गेलो नाही. मग ऐकलं की खाडीपलीकडे वाडीतल्या शाळेतही एक वर्ग आहे. तिथे मला कोण ओळखतो? दर मंगळवारी आणि शनिवारी दुपारी तरीच्या होडीत बसून पलीकडे जायचो. घरी सांगायचो, भजनाची शिकवणी आहे. उतरताना टोपी खाली ओढायचो, चोरासारखा.

तारकरबाई शिकवायच्या. वय अठ्ठावीस-तीस, एकट्या राहायच्या, शाळेच्याच खोलीत. पुस्तकातलं कमळ नि गवत मला दोन महिने जाईना. मग एकदा त्या म्हणाल्या, "धाकूदादा, पुस्तक ठेवा बाजूला. तुम्ही बोला. तुम्ही बोलाल ते मी फळ्यावर लिहिते. आपलं बोलणं माणसाला लवकर ओळखता येतं."

"मी काय बोलू बाई?"

"नाटकाचं सांगा. मला इथून कधी बघायला मिळत नाही. दिवस मावळला की तरीची होडी बंद."

म्हणून मी नाटकाचं सांगायचो. त्या लिहायच्या, मी एकेक अक्षर लावत वाचायचो, जमलं की त्या फडक्याने पुसायच्या. माझ्या डोळ्यांसमोर पुसायच्या. पुसलं की संपलं, असं माझ्या मनात होतं.

वासू गेला आणि मंडळात वाईट हवा शिरली. तालमीला तात्या खिडक्या लावून घ्यायला सांगायचे. खिशात पेन दिसलं तर विचारायचे, कशाला आणलं? विंगेत बसून संवादांची नक्कल सांगणाऱ्या मास्तरांच्या वह्या त्यांनी दोनदा तपासल्या. दोन माणसं बोलत उभी असली आणि तिसरा आला की गप्प व्हायची. कणकवलीचा पोरगा पेटी बरी वाजवायचा, पण त्याला तात्यांची पट्टी कोण सांगणार? तालमीत तो पांढरी चार धरायचा, तात्या अर्ध्या आवाजात रेटायचे आणि माझ्याकडे डोळे वटारून बघायचे.

आणि मी? मी वासूचा हिशेब मनात मांडत बसायचो. शाई होती. पत्रं होती. दिवाळीत मी विचारलं होतं, "काय लिवतंस रे एवढा?" तर म्हणाला होता, "तुका वाचूक येता काय, मगे सांगतंय." तेव्हा ती चेष्टा वाटली होती. आता ती चेष्टा वाटेना. तात्या त्याला कितीदा सगळ्यांसमोर बोलले होते, तेही आठवलं. मनात राग धरून असेल. जितकं आठवावं तितकं ते वासूवरच जाऊन बसत होतं. त्याचं दुकान बाजारात होतं. मी वळसा घालून देवळामागच्या वाटेने जायला लागलो.

कुमुदने एकदा मला गाठलं. "धाकूदादा, वासूदादांकडे गेला होतात?"

"नाही."

"का?"

"काय बोलू जाऊन?"

"तुम्हालाही तसंच वाटतं तर," ती म्हणाली आणि निघून गेली.

स्पर्धा पाच दिवसांवर आली होती तेव्हाची गोष्ट. मंगळवार होता. मी वर्गाला गेलो तर बाईंनी खुर्चीवर पाकीट ठेवलं होतं. चेहरा खुललेला.

"आज फळा नाही. आज छापलेलं वाचायचं. तुमच्यासाठी एक गंमत आहे."

पाकिटातून पेपरची तीन कात्रणं निघाली. मी पहिलं उचललं. बोट ठेवून सुरुवात केली. "क... म... ल... कमल... वे... ध." मला आनंद झाला, छापील अक्षर लागलं म्हणून. पुढे गेलो. राक्षस. मिशा. माझं बोट थांबलं.

"वाचा ना," बाई म्हणाल्या. "तुमचंच आहे ते."

"माझं कसं?"

"तुम्ही सांगितलेलं मी तुम्ही गेल्यावर आठवून टाचण वहीत उतरवायची. इतकं खरं बोलता हो तुम्ही! जरा शुद्ध करून दर्यावाणीकडे पाठवलं, त्यांनी छापलं. म्हटलं, वाचायला येईल त्या दिवशी दाखवू. हे बघा, तिन्ही."

मी तिसरं कात्रण घेतलं. तेच होतं. कुमुदने वाचलं तेव्हा ते शब्द मला परके वाटले होते. ख्यातकीर्त, रसिक, दडवून. मी असं कधी बोलत नाही. पण आता एकेक अक्षर लावत गेलो तेव्हा त्या शब्दांच्या खाली माझं बोलणं दिसायला लागलं. एका शनिवारी मी म्हणालो होतो, "बाई, आमचे तात्या हल्ली खालून गातात, आणि लोकांना सांगत नाहीत." बोलताना मला वाटलं होतं, खाडीपलीकडे कोण ऐकतंय.

मी शेवटपर्यंत वाचलं. बराच वेळ लागला. कुमुदला तात्यांनी जिथे थांबवलं, त्याच्या पुढे अजून चार ओळी होत्या.

"धाकूदादा, रडताय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. बाई खाली बसल्या, फरशीवरच. "मला वाटलं तुम्हाला आनंद होईल," त्या म्हणाल्या. "मी कोणाला ओळखत नाही त्यातलं. मला ती नुसती नाटकातली माणसं वाटत होती. मी येते तुमच्याबरोबर, सांगते त्यांना."

"नको बाई. तोंड माझं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीत गेलो. तात्या आणि कुमुद स्पर्धेला न्यायच्या कपड्यांची यादी करत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, ते लिहिणं माझं.

तात्या हसले. "बस, चहा घे."

"तात्या, खरं सांगतोय."

"वासूने पाठवलं ना तुला? का तुझीच अक्कल ही? धाकू, तुझा जीव आहे त्याच्यावर, मला कळतं. पण खोटं तरी पचेल असं बोल. तू आणि लिहिणार!"

"लिहिलं बाईंनी. सांगितलं मी. मी शिकतोय वाचायला, खाडीपलीकडे."

"तू?"

मी खिशातून कात्रण काढलं. तात्यांनी ते हातात घेतलं, बघितलं, परत दिलं. "वाच मग."

सेहेचाळीस वर्षांच्या माणसाने भरल्या गिरणीत अक्षरं लावत वाचायचं. हमाल पोती ठेवून बघायला लागले. मी "ज्येष्ठ"वर अडकलो. तात्यांच्या ओठावर हसू आलं, मग मी तो शब्द सोडवला आणि ते हसू गेलं. "दडवून ठेवण्यात आली आहे" पर्यंत पोचलो तेव्हा ते म्हणाले, "थांब."

"पुढे अजून आहे, तात्या."

"थांब म्हटलं."

"वाचू दे त्यांना," कुमुद म्हणाली. "त्या दिवशी मी तेच सांगत होते, तुम्ही पेपर फेकलात."

मी वाचलं. "'खालच्या पट्टीत त्यांचा स्वर अधिक भरीव वाटतो. शब्दांचा अर्थ प्रथमच पोहोचतो. उंच स्वराचे कौतुक करणाऱ्यांनी हे ऐकावे. मग हा आडपडदा कशासाठी?'"

तात्या यादीच्या कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "शब्द तिचे. म्हणणं तुझं?"

"म्हणणं माझं."

"वासूचं असतं तर बरं होतं रे. जळतो मेला, असं म्हणून सोडून देता आलं असतं. तुझं काय म्हणू? तुला कसला हेवा?"

मी कात्रणाची घडी करून खिशात ठेवली.

"आणि दोघांनाच ठाऊक होतं हेही खरं नाही," कुमुद म्हणाली. "मी दोन वर्षं तुमच्या शेजारी उभी राहून गाते. मला काय कान नाहीत?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला विचारलंत कुठे? तुम्ही फक्त दोघांना विचारलंत."

तात्यांनी कपाळावरून हात फिरवला. ते एकदम म्हातारे दिसले, आणि खरं सांगायचं तर थोडे सुटल्यासारखेही. "जा," मला म्हणाले. "वासूला घेऊन ये. आज तालीम काळी दोनमध्ये होईल, उघड. बोर्डवाल्यालाही सांगतो, ते पांढरी चार काढ म्हणून."

"माफी तुम्ही जाऊन मागायची, तात्या," कुमुद म्हणाली.

"मागेन. तो ऑर्गनवर बसू दे, सगळ्यांसमोर मागेन. एकांतात मागितलेली माफी काय कामाची? बोललो सगळ्यांसमोर ना?"

वासूचं दुकान उघडं होतं. तो डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळावर वाकला होता. मी पायरीवर उभा राहिलो. त्याने वर पाहिलं नाही. टेबलाच्या कडेला एक लाकडी खोकं होतं, वर चिकटवलेला कागद. मी तो वाचला. मिरज. खाली वाद्यांच्या दुकानाचं नाव. झाकण उघडं होतं, आत ऑर्गनचे सूर, म्हणजे पितळी पात्या, कापसात गुंडाळलेल्या.

मी बघतोय हे पाहून तो म्हणाला, "खालचे सूर. आपल्या ऑर्गनचे झिजलेले. तात्या खाली गावक लागले तेव्हापासून वाजतत ते खरखरतत. मंडळाकडे मागितले तर कित्याक होये म्हणान इचारतीत. म्हणान मीच पत्रां घालून मागवलंय. पैसे माझे." मग म्हणाला, "तू आता वाचतंस?"

"होय."

मी त्याला सांगितलं. वर्ग, बाई, फळा, टाचण वही, तात्या काय म्हणाले ते. तो भिंग न काढता ऐकत होता. मी म्हणालो, "चल. तात्या वाट बघतत. चूक माझी, तुझी नाय."

"ता झाला," वासू म्हणाला. "तुका ठाऊक नव्हता, ता माका पटला. एकच सांग." त्याने भिंग काढलं. डोळ्याभोवती गोल वळ उठला होता. "त्या दिवशी तात्यान तुका इचारल्यान, मगे रवलो कोण. तेव्हा तू माझ्याकडे बघूक नाय. खाली बघलंस. ता कित्याक?"

सांगण्यासारखी दुसरी कारणं होती. घाबरलो होतो म्हणता आलं असतं. वर्गाची गोष्ट बाहेर पडेल अशी भीती होती, म्हणता आलं असतं, आणि तेही खोटं नव्हतं. बावीस वर्षं ज्याच्या एका सुरावर मी तबला लावला, त्याच्याशी तेवढं बोलून भागलं असतं.

"माका वाटला," मी म्हणालो, "तूच."

त्याने मान हलवली. हातातलं घड्याळ मालकाच्या नावाच्या चिठ्ठीसकट खणात ठेवलं. खोकं बंद केलं आणि काखेत घेतलं. मी हात पुढे केला तर म्हणाला, "जड नाय." दुकानाला कुलूप लावून किल्ली दोनदा ओढून बघितली.

"चल," तो म्हणाला.

गिरणीपर्यंत पाणंद आहे, दोन माणसं बरोबरीने चालतील एवढी रुंद. वासू माझ्यापुढे चार पावलं चालत होता. मी भराभर पाय उचलले असते तर त्याला गाठता आलं असतं. मी उचलले नाहीत.